शेवटची गाडी

बिदिय्याच्या शेवटच्या पंपावर
सातही गाड्यांची हवा काढली,
पस्तिसावरून पंधरावर.
खल्फान प्रत्येक चाकापाशी गुडघे टेकून
फुस्स ऐकतो, मग बोटानं थांब म्हणतो.
"ताठ चाक वाळूत रुततं," तो दर वेळी सांगतो,
आणि दर वेळी कुणी नवखा
म्हण ऐकल्यासारखी मान डोलावतो.
म्हण नाही. चाकाचीच गोष्ट आहे.

मी सातवा.
वरातीमागून घोडं.
माझ्याकडे दोरखंड, दोन फावडी, फळ्या
आणि सहा गाड्यांनी उडवलेली धूळ.
पुढचे टेकाडं बघतात,
मी चाकोऱ्या बघतो:
इथं कुणी घाबरून ब्रेक दाबला,
इथं चौथी गाडी ऐटीत डावीकडे वळली
आणि मुकाट रांगेत परत आली.

मागच्या सीटवर तफूल, खल्फानची आत्या,
पट्टा न लावता, मांडी घालून.
पुढच्या गाडीत बसायला तयार नव्हती.
"आमच्या वेळी शेवटच्या उंटावर
आजारी माणसं बसायची. आणि रुसलेली."
तू यातली कोण, मी विचारलं.
तिनं खजूर तोंडात टाकला.
बराच वेळ बी बाहेर आली नाही.

मागे राहणाऱ्याला सापडत जातं.
नऊ वाजता थर्मासचं झाकण.
पुढच्या उतारावर एक नंबरप्लेट,
वाळूत उभी खोचलेली,
जणू खाली गाडी पुरली आहे.
मग एक निळी चप्पल,
डाव्या पायाची, लहान मुलाची.
सगळं शेजारच्या सीटवर.

अकराला पाचवी गाडी धारेवर अडकली,
पोट टेकलेलं, चाकं हवेत गरगरणारी.
आत जुवैना, इब्रातल्या इस्पितळातली नर्स,
रात्रपाळी करून आलेली,
इतकी हसत होती की स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.
तिघं फावड्यांवर, नऊ जण सल्ले देणारे.
दोर बांधला, ताणला,
गाडी सुटली, आणि टाळ्या
खल्फानला मिळाल्या.

गाफच्या झाडाखाली जेवण. भात, लिंबू, मासा,
दाताखाली थोडी वाळू, तिची तक्रार कुणी करत नाही.
मी सापडलेल्या वस्तू सतरंजीवर मांडल्या.
झाकण जुवैनाचं. नंबरप्लेट तिसऱ्या गाडीची,
मालकाला अजून पत्ताच नव्हता.
चप्पल?
पाच मुलं, दहा पाय, दहा चपला.
मी पुन्हा मोजलं.
एका मुलानं उगीच आपला पाय घालून पाहिला.
आखूड.

तफूलनं ती हातात घेतली, उलटी केली,
टाचेची झीज पाहिली, वास घेतला.
"शेळ्यांमागे फिरणारी पोर आहे," ती म्हणाली.
"वाऱ्यानं झोपडीतून नेली असेल, नाहीतर कुत्र्यानं.
तू तिच्या हातातून उचलून आणलीस."
मी म्हटलं, तिथं कुणी नव्हतं.
"तुला दिसलं नाही," ती म्हणाली,
आणि कहव्यासाठी कप पुढे केला.

परतताना चारला वारा सुटला.
सकाळच्या चाकोऱ्या पुसल्या गेल्या,
माझ्यासकट सगळ्यांच्या.
वायरलेसवर खल्फान:
"सात, मागे आहेस ना?"
आहे म्हटलं, आणि रांग सोडली.

उतार तोच की दुसरा, सांगता येईना.
तफूल खिडकीबाहेर हात काढून
डावीकडे, अजून डावीकडे करत होती,
जणू घरातल्या घरात दिवा शोधतेय.
मग एक खुरटं झाड, त्याखाली लेंड्या,
ताज्या, काळ्या, चमकदार.
मी चप्पल फांदीत अडकवली,
माणसाच्या उंचीवर.
"खाली," तफूल गाडीतून ओरडली.
"तिचा हात कुठवर पोचतो?"

मी खाली सरकवली.
माझ्या कमरेएवढी.
मग अजून थोडी.

"सात? सात, ऐकू येतंय?"
पुढे सहा जोड लाल दिवे
एका धारेवरून खाली जात होते, एकेक.
मी बटण दाबलं.
येतोय, म्हटलं,
सगळे आहेत.